अठरा तास आणि २८२ गुण



चौदा एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून 'अठरा तास अभ्यास' हा उपक्रम होतो. पहाटे सहाला त्रिशरण-पंचशील घेऊन मुलेमुली विहारातल्या सतरंजीवर बसतात, ती रात्री बारालाच उठतात. आयाबाया चहा, पोहे, दुपारचे जेवण जागेवर पोचवतात. मिरवणुकीतल्या डीजेवर पैसे उधळण्यापेक्षा हा कार्यक्रम शंभर पटीने बरा. महामानवाला त्याच्याच आवडीच्या गोष्टीने वंदन करण्याची ही रीत आपण जपली पाहिजे.

अडचण पंधरा एप्रिलपासून सुरू होते. एका दिवसाचा हा उपक्रम आपण घरी नेतो आणि त्याचा चाबूक करतो. "बाबासाहेब अठरा अठरा तास वाचत होते, अन् तू काय करून राहिला?" हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही असे घर आपल्याकडे क्वचितच सापडेल. बापाच्या तोंडून ते प्रेमापोटीच निघते. त्याने हमाली केलेली असते, वीटभट्टीवर हात भाजून घेतलेले असतात, आईने दुसऱ्याच्या बांधीत कमरेएवढे वाकून रोवणी केलेली असते. पोराच्या अंगावर साहेबाचा कोट पाहायचा, एवढेच त्यांचे स्वप्न. पण ऐकणाऱ्याच्या मनात त्या वाक्याचे काय होते, हे आपण विचारीत नाही. आजचा लेख त्यासाठी आहे.

साकोलीसारख्या तालुक्याच्या गावी पहाटे फिरायला निघा. महामार्गाच्या कडेने पोलीस भरतीची तयारी करणारी पोरेपोरी धावताना दिसतील. दुपारी त्यांतलीच कितीतरी अभ्यासिकेत खाली मान घालून बसलेली असतात. कोणी बावीसचा, कोणी सव्वीसचा, कोणी तिशी ओलांडलेला. राज्यसेवेला मागासवर्गीयांसाठी वयोमर्यादा ४३ वर्षांची आहे. ही सवलत हक्काची आहे आणि ती हवीच. पण त्यामुळे 'आता पुरे' म्हणायला कोणाला तारीखच सापडत नाही. दरवर्षी जाहिरातीची वाट, मग परीक्षेची, मग निकालाची, मग न्यायालयात अडकलेल्या नेमणुकीची. शाळेतले सोबती कामाला लागलेले, लग्ने झालेली. हा मात्र अजून 'तयारी करून राहिला'.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. आधी आकडे मांडतो. २०२४ च्या पोलीस भरतीत आपल्या राज्यात १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभर अर्ज. त्याच वर्षीच्या केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले, पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष ५,८३,२१३ उमेदवार बसले आणि शेवटी १,००९ जणांची शिफारस झाली. बसलेल्या ५७८ जणांत एक. मग उरलेले ५७७ सगळे आळशी होते काय? त्या सगळ्यांच्या आईबापांचा त्याग कमी पडला काय? जागाच तेवढ्या होत्या. ज्या सरकारने जागा भरल्या नाहीत त्याला जाब विचारायचा सोडून आपण घरातल्या पोराला जाब विचारतो, हे मला पटत नाही.

संयुत्त निकायात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. धम्म न ऐकलेल्या माणसाला शरीराचे दुःख झाले की एक बाण लागतो, आणि त्या दुःखावर तो जो शोक करतो, छाती बडवतो, त्याने त्याला दुसरा बाण लागतो. धम्म ऐकलेल्या माणसाला बाण चुकत नाही, पण तो एकच लागतो. आजचे मानसशास्त्र ज्याला विचारांची चुकीची सवय म्हणते ती हीच. यादीत नाव नाही, हा पहिला बाण. 'मी बापाचा पैसा खाल्ला, मी समाजाचे नाव खाली केले, माझ्यातच काही नाही' हा दुसरा. आमच्या मुलांना आणखी एक तिसरा बाण बसतो, तो बाहेरचा असतो: "तुमचे काय बुवा, तुम्हाला आरक्षण आहे!" पास झाला तर आरक्षणामुळे, नापास झाला तर आरक्षण असूनही. दोन्हीकडून मार. असा मार खाऊन मूल रात्री घरी येते तेव्हा त्याच्या पाठीवर हात पडावा की अठरा तासांचा चाबूक, हे आईबापांनी ठरवायचे आहे.

आता मूळ मुद्दा. आपण मुलांना बाबासाहेब सांगतो, पण अर्धेच सांगतो.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्केवारी काढली तर ३८ सुद्धा भरत नाही. आजच्या हिशोबाने शेजारणीने तोंड वाकडे केले असते. पण वस्तीने त्यांचा सत्कार केला, सीताराम केशव बोले त्या सभेला होते आणि कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. गुण पाहून कोणी नाक मुरडले असते तर ते पुस्तक कोणत्या हातात पडले असते, याचा विचार करावा.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. दोन मित्रांकडे विचारले, दोघांनीही टाळले. कोलंबियात शिकून आलेला तो विद्वान रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहिला. पुढे अठरा वर्षांनीही ती आठवण आली की डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्यांच्या घरात "बाप्या माणूस होऊन रडतो काय" असे म्हटले जाते त्यांनी हे वाचावे.

मुंबईला परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर्सच्या व्यवहाराचा सल्ला देण्याचा धंदा काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि तो बंद पडला. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, त्यातून पैसे साठवून १९२० साली पुन्हा लंडन गाठले. तिथे रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. तो नव्याने लिहून दिल्यावर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. बॅरिस्टर होऊन आल्यावरही वकिली लगेच चालली नाही. १९२५ पासून जवळजवळ तीन वर्षे ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या वर्गात व्यापारी कायदा शिकवीत होते. आमच्यासारख्या बी.कॉम.वाल्यांना या गोष्टीचा उगीचच अभिमान वाटतो, पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की मोठे ध्येय मनात ठेवून माणूस पोटासाठी दुसरे काम करतो. त्यात कमीपणा बाबासाहेबांना वाटला नाही, आपल्या मुलाला का वाटावा?

आणि आपल्या जिल्ह्याची गोष्ट तर आपणच विसरलो. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत हरल्यावर १९५४ साली बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले ते भंडाऱ्यातून. इथेही ते हरले. राज्यघटनेचे शिल्पकार, आणि भंडाऱ्याने त्यांना निवडून दिले नाही. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते आणि मधुमेहाने, पाय-गुडघ्यांच्या दुखण्याने त्रस्त होते. त्याच वर्षी डिसेंबरात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच भंडाऱ्याहून, गोंदियाहून, साकोलीकडच्या खेड्यांतून आपली माणसे नागपूरला गेली.

हे सांगताना मला एक भीती वाटते. आता कोणी अठरा तासांचा चाबूक ठेवून २८२ चा हाती घेईल: "बाबासाहेब एवढे हरले तरी उठले, मग तू का उठत नाहीस?" असे करू नका. ते एकट्याच्या जोरावर उठले नाहीत. नवल भथेनांसारखा मित्र उसने पैसे देणारा होता, रमाई घर धरून होती, आजारपणात डॉक्टर होते. दुखणे आले तेव्हा बाबासाहेबांनी उपचार घेतले. 'मी नेता आहे, मला काय होते' असे म्हटले नाही.

मन आजारी पडते तेव्हाही तसेच करायचे असते. परीक्षेच्या आधी धडधडणे, निकालानंतर चार दिवस जेवण न जाणे हा आजार नाही. पण उदासपणा किंवा कशातच गोडी नसणे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर कान टवकारावेत. झोप येत नाही किंवा पहाटे तीनलाच उघडते, नाहीतर दिवसभर अंथरुणातून उठवत नाही. भूक मेली. क्रिकेट पाहणारा मुलगा टीव्हीकडे पाहत नाही. पुस्तकाचे एकच पान तासभर उघडे असते. 'माझाच दोष' असे सारखे म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही. काही मुलांत उदासी दिसत नाही, चिडचिड दिसते, दारू दिसते. छातीत धडधडून, हातपाय गार पडून जीव जातो असे वाटणारे झटकेही येतात. हृदयाची तपासणी ठीक निघते आणि घरचे म्हणतात नाटक आहे. नाटक नसते. त्याला घबराटीचा विकार म्हणतात आणि तो उपचाराने बरा होतो.

झोपेबद्दल एक शब्द. दिवसा वाचलेले मेंदू रात्री झोपेत पक्के बसवतो. रोज चार तास झोपून वाचणारा मुलगा म्हणजे छिद्राच्या गुंडात पाणी भरणारा माणूस. अठरा तास अभ्यास वर्षातून एक दिवस ठीक. रोज सात तास झोप हीसुद्धा अभ्यासाचीच बाब आहे.

जायचे कुठे? साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन सरळ सांगावे की मनाचा त्रास आहे, कोणत्या दिवशी कोणाला दाखवायचे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू आहे. त्याखाली भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातून सेवा मिळते. पुढे नागपूरला मेडिकलचा मनोविकार विभाग आहे. तिथले प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे. त्याचे नाव काढले की आपल्याकडे अजून 'पागलखाना' म्हणून हसतात, आणि त्या हसण्यापायी कितीतरी माणसे वेळेवर डॉक्टरकडे जात नाहीत. तिथेही बाहेरून दाखवून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी येता येते. गाडीभाडेही नसेल तर १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. 'टेलिमानस' नावाची ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येते.

गोळ्यांबद्दल दोन गैरसमज फार आहेत. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून त्या नालीत फेकू नयेत, आणि बरे वाटले म्हणून डॉक्टरला न विचारता एकदम बंदही करू नयेत. दुसरे, या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही. ती भीती झोपेच्या गोळ्यांबाबत खरी आहे, म्हणून त्या दुकानातून परस्पर आणू नयेत. आणि 'लोकांना कळेल, नोकरीत आड येईल' याविषयी: रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक आहे.

आता थोडे कडू बोलतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतली काही माणसे अशा वेळी अंधार पडल्यावर मांत्रिकाकडे जातात. देव्हारा १९५६ ला उतरला, पण करणी-भानामती काही मनातून उतरली नाही. पोराच्या उपचाराचे पैसे लिंबू-नारळावर जातात, अंगारा लावतात, कधी मारतातही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्यासाठी मारहाण करणे, डॉक्टरकडे जाण्यापासून रोखणे हा गुन्हा आहे. दुसरे टोक असे की काही सुशिक्षित घरे मुलाला उचलून दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवतात. विपश्यनेबद्दल मला आदर आहे. पण ती मनोविकाराच्या औषधोपचाराला पर्याय नाही, असे शिबिराच्या नियमांतच लिहिलेले असते. आधी डॉक्टर, मग त्याच्या सल्ल्याने शिबिर.

सर्वांत अवघड गोष्ट. मूल 'जगून काय करू' अशा अर्थाचे बोलले, आपल्या वस्तू वाटू लागले, तर ते मनावर घ्यावे. "बाबू, जीव देण्याचा विचार येतो काय रे?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट विचारणारा भेटला की ओझे उतरते. उत्तर आले तर उपदेश करू नये, ऐकावे, त्या रात्री त्याला एकटे सोडू नये आणि सकाळी डॉक्टरकडे न्यावे. धानावर फवारायचे औषध आपल्याकडे घरात, माळ्यावर, खाटेखाली पडलेले असते. ते कुलपात जावे, नाहीतर दुसऱ्याच्या घरी. तो विचार पुष्कळदा घटका-दोन घटकांचा असतो. तेवढी वेळ टळली तर माणूस वाचतो. श्रीलंकेत १९९० च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि आत्महत्येने मरणाऱ्यांचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात उतरले. आणि कोणी तसा प्रयत्न केलाच, तर पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. त्याच २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ सांगते की तो माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरायचे, शिक्षा द्यायची नाही, उपचार द्यायचे.

मार्गाबद्दल माझे मत रोखठोक आहे. तयारी सुरू करतानाच घराने मिळून एक तारीख कागदावर लिहावी: तीन वर्षे, फार तर चार. त्या काळात पोराला टोमणा नाही, तुलना नाही. त्या काळातच हाताला दुसरे एक कौशल्य लावून घ्यावे. साकोलीत आय.टी.आय. आहे, वीजतंत्री, जोडारी शिकलेल्याला जिल्ह्यात गडेगावचा अशोक लेलँड, वरठीचा सनफ्लॅग, जवाहरनगरची आयुध निर्माणी अशा ठिकाणी शिकाऊ उमेदवारीची वाट असते. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, बँक, टॅलीचे काम हेही आहेच. पुण्याच्या बार्टीतर्फे अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्पर्धा परीक्षांचे मोफत प्रशिक्षण चालते, त्याच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे. तारीख आली की थांबायचे. पोराने थांबायचे म्हटले तर बापाने 'हरला' हा शब्द घरात उच्चारू नये.

आणि एक वाट आपल्या मुलांना कोणी दाखवतच नाही: मानसशास्त्राची पदवी, मानसिक आरोग्याचे समाजकार्य, मनोविकार परिचर्या. आपल्या वस्तीचे, आपल्या बोलीचे दुःख ज्याला समजावून सांगावे लागत नाही असा समुपदेशक आपल्याच पोरीपोरांतून यायला हवा.

मुलींचे तर वेगळेच. मुलाला पाच वर्षे देणारे घर मुलीला एक वर्ष देते. तेवढ्यात नाही लागली तर पाहुणे बोलावतात. ती अभ्यासही करते, सैपाकही करते, आणि तिचे डोके दुखणे, दातखिळी बसणे हे 'बाहेरचे' म्हणून खपते. वरची सगळी लक्षणे मुलीच्या बाबतीतही वाचावीत. तारखेचा कागद तिच्याही नावाने लिहावा, आणि त्यावर तितकीच वर्षे असावीत.

वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून सुरू होतो आणि रोवणी आटोपल्यावर विहारात वाचनाला गर्दी वाढते. त्या तीन महिन्यांत एक संध्याकाळ प्रत्येक मंडळाने या विषयासाठी ठेवावी. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा सामान्य रुग्णालय, भंडारा यांच्या नावे मंडळाच्या लेटरहेडवर साधा अर्ज करावा: अमुक गावी, अमुक दिवशी, मानसिक आरोग्य विभागाचे डॉक्टर किंवा समुपदेशक मार्गदर्शनासाठी पाठवावेत. अर्ज महिनाभर आधी द्यावा, आवक क्रमांकाची पोच घ्यावी आणि पंधरा दिवसांनी एकदा विचारणा करावी. त्या संध्याकाळी पोरांबरोबर बापांनाही बसवावे, पहिल्या रांगेत.